न मापलेली झीज

"मूळ कॅमशाफ्ट अतिरिक्त झिजेमुळे सेवायोग्य राहिला नसल्याचे आढळून आल्याने तो बदलण्यात आला आहे."

मित्रांनो, हे वाक्य जुन्या मोटारसायकलींच्या संघटनेच्या छापील नोंदपत्रकावर, 'मूळ भाग बदलण्याचे कारण' या रकान्यात लिहिलेले आहे. खाली चिटणिसांची सही आहे. सहीवर गोल शिक्का आहे, आणि शिक्क्याची शाई इतकी ठसठशीत आहे की त्याखाली सही आहे की नाही हे पाहण्याचे कुणाला सुचू नये. या पत्रकाची एक प्रत तांब्याच्या तारेने माझ्या गळ्यात बांधलेली आहे. मी एक जुना कॅमशाफ्ट आहे, आणि त्या वाक्यातला आरोपी मीच.

वाक्य जरा निरखून पाहा. 'अतिरिक्त' म्हणजे किती? आकडा नाही. झीज कशाने मोजली? उपकरणाचा उल्लेख नाही. 'आढळून आले' ते कुणाला, याबद्दल तर अक्षर नाही. जणू जगात काही गोष्टी कुणालाही न आढळता आपल्याआपण आढळून येतात आणि नंतर शिक्का शोधत फिरतात. जुन्या तर्कशास्त्र्यांनी ज्ञानाची साधने सांगून ठेवली आहेत. वस्तू स्वतः पाहावी, पाहिल्यावरून अनुमान करावे, आणि दोन्ही शक्य नसेल तर भरवशाच्या माणसाचा शब्द मानावा. चिटणिसांनी मला पाहिलेले नाही. न पाहिलेल्यावरून अनुमान करणे त्यांनाही जमले नसावे. म्हणजे उरला शब्द. तो शब्द कुणाचा होता आणि कितपत भरवशाचा होता, हे सांगण्यासाठी मला माझे आयुष्य सांगावे लागत आहे. एरवी स्वतःविषयी बोलण्याची हौस माझ्या जातीला नसते. आम्ही तेलात बुडून काम करतो.

माझे काम समजायला अवघड नाही. इंजिनाच्या सिलिंडरला दोन दारे असतात. एकातून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळलेला धूर बाहेर पडतो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. दार केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि केव्हा लावून घ्यायचे हे मी ठरवतो. मी म्हणजे वीतभर पोलादी दांडा, आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे दोन उंचवटे. मी फिरलो की उंचवट्याचे टोक दार ढकलते. टोक पुढे सरकले की दार मिटते. इतकेच. परंतु त्या उंचवट्यांच्या घडणीत इंजिनाचा सगळा स्वभाव दडलेला असतो, आणि आमची निवड करणाऱ्या माणसाचाही.

भट्टीतून बाहेर आलो तेव्हा मी ओबडधोबड होतो. मला तासले, पोलादाला पाणी दिले, आणि शेवटी एका कामगाराने मला घासणीच्या यंत्रावर घेतले. तो माणूस अबोल होता. यंत्राची सुई 'ठीक' म्हणाली तरी तो प्रत्येक उंचवट्यावरून अंगठ्याचे नख फिरवी. सुईने पास केलेले दोन दांडे त्याने माझ्यादेखत नखाने नापास केले. माझ्यावरून नख फिरवले तेव्हा तो थांबला, पुन्हा फिरवले, आणि मला डाव्या पेटीत ठेवले. डावी पेटी चांगल्यांची होती. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली पावती, आणि तिच्यावर शिक्का नव्हता.

माझे इंजिन एका सिलिंडरचे आणि ओझे वाहण्यासाठी बनवलेले. म्हणून मला सौम्य घडवले होते. माझी दारे उशिरा उघडत आणि लवकर मिटत, त्यामुळे सावकाश चालतानाही इंजिनाचा दम टिके. पळण्यात आम्हांला कुणी पहिला नंबर दिला नसता. चढण्यात मात्र आम्ही कुणाला हार गेलो नाही.

आमची मोटारसायकल वजनेमापे तपासणाऱ्या एका अधिकाऱ्याने घेतली. सगळे त्यांना तपासनीस म्हणत. मोटारसायकलीला डावीकडे साइडकार जोडलेली होती, आणि तिच्यात लाकडी पेटी असे. पेटीत हिरव्या बनातीच्या खाचांमध्ये पितळी प्रमाण वजने बसवलेली होती. दहा किलोचे सर्वांत मोठे. दुकानांतली वजने खरी की खोटी हे ज्यांच्याशी ताडून ठरवायचे, ती ही वजने. त्यांना तपासनीस रुमालाशिवाय हात लावीत नसत.

आमचा आवाज ठरलेला होता. टुक, टुक, टुक, असा मोजून मापून. बाजारपेठेत तो इतका ओळखीचा झाला की आम्ही वळणावर दिसण्याआधीच अर्ध्या बाजाराचे काटे आपसूक सरळ होत. तपासनिसांच्या हे लक्षात आले तेव्हा ते उताराच्या माथ्यावर इंजिन बंद करू लागले आणि गाडी मांजरासारखी बाजारात सोडू लागले. जाताना उतार फुकट मिळाला. येताना तोच चढ, पेटीसह, माझ्या वाट्याला. माझी तक्रार नव्हती. कामाला कुणी तरी नीट ओळखून घेतले होते.

तपासनिसांची एक रीत मात्र तुम्हांला सांगितलीच पाहिजे, कारण पुढे सगळे तिच्यापाशी येऊन थांबते. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. कायद्यात तिला जागा नव्हती. ती त्यांची स्वतःची. काटा खोटा निघाला की दुकानदाराने त्या वहीत, आपल्या हाताने आणि आपल्या शब्दांत, काय केले ते लिहायचे. तपासनीस एक शब्दही सुचवीत नसत. दुकानदार लिही, 'पारड्याच्या तळाला मेण लागले असावे.' तपासनीस वाचत आणि विचारीत, "कुणी लावलं?" दुकानदार लिही, 'मेण लावले गेले.' "कुणी?" अशा तीन-चार ओळी खोडून झाल्यावर कुठे तरी 'मी' हे अक्षर उमटे. मग तपासनीस ती जबानी भर दुकानात मोठ्याने वाचत, वही मिटत आणि पुढच्या दुकानाकडे वळत. एका व्यापाऱ्याने म्हणे त्यांना विनवले होते, साहेब, वाटलं तर काटा घेऊन जा, पण वही काढू नका.

तपासनीस गेले. त्यांच्या मुलीने काटे दुरुस्त करण्याचे दुकान चालवायला घेतले. तिला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताईचे खुब्याचे हाड लहानपणापासून अधू आहे. सपाट रस्त्यावर ती काठीने चालते, चढावर चालू शकत नाही. तिची गिऱ्हाइके, म्हणजे धान्याची कोठारे आणि भंगाराचे वजनकाटे, नेमकी चढाच्या वर आहेत. त्यामुळे साइडकार हेच तिचे पाय झाले. पुढे पेटी, मागे ताई, आणि गाडी चालवायला तिचा धाकटा भाऊ. त्याचे वय चोपन्न आहे, पण घरात तो अजून 'धाकटा'च आहे. मीही त्याला तसेच म्हणेन. पुढे जे झाले ते ऐकल्यावर याहून मोठे नाव त्याला का देत नाही, हे तुम्ही विचारणार नाही.

मी अन्याय करू इच्छित नाही. तीस वर्षे धाकट्याने गाडी निगुतीने ठेवली. तेल वेळेवर बदलले. गाडी दुकानाच्या पुढल्या खोलीतच उभी असे, आणि संध्याकाळी तो तिच्यावरून फडका फिरवत असताना ताई मोठ्याने पुस्तके वाची. माझा सगळा व्यासंग तेवढाच. पण फडका मारणे वेगळे आणि समाधानी असणे वेगळे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या मोटारसायकलींचे मालक एका मोकळ्या मैदानात जमत. तिथे ते साइडकार सोडवून, नुसती मोटारसायकल घेऊन जाई. गाड्या रांगेत लावून प्रत्येक जण आपापले इंजिन सुरू करी, आणि मग बाकीचे माना डोलवीत. त्यांच्यात एक गृहस्थ सावलीतही काळा चष्मा काढत नसे. त्याला सगळे गॉगल म्हणत. एका रविवारी गॉगलने आमची गाडी कौतुकाने पाहिली, टाकीवरून हात फिरवला आणि धाकट्याला म्हणाला, "गाडी झकास ठेवलीय हो तुम्ही. फक्त चालू केली की वाटतं, आत बसून कुणी तरी झबलं शिवतंय."

सगळे हसले. धाकटाही हसला, सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ. घरी येताना त्याने पहिल्यांदा मला विनाकारण जोरात फिरवले.

त्यानंतर आठवडाभरात घरात एक छापील पत्रिका आली. तिच्यात नवे, जोरदार कॅमशाफ्ट विकायला होते. मित्रांनो, असा शाफ्ट वाईट नसतो, हे मी शत्रूविषयीही खरे बोलण्याच्या सवयीने सांगतो. त्याची दारे अधिक उघडतात, अधिक वेळ उघडी राहतात. वेगात पळताना इंजिनाला भरपूर श्वास मिळतो. परंतु सावकाश चालताना हीच उदारता अंगाशी येते. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार बराच वेळ एकदमच उघडे राहते, आलेले मिश्रण आल्या पावली परत जाते, आणि इंजिनाला धाप लागते. ज्याला मोकळ्या रस्त्यावर एकट्याने उधळायचे आहे त्याने तो घ्यावा. पितळ आणि बहीण घेऊन चढ चढणाऱ्याने घेऊ नये. हे कळायला विद्वान असावे लागत नाही. फक्त आपण कोणत्या रस्त्याने रोज जातो हे स्वतःशी कबूल करावे लागते.

ताईने अर्थातच विचारले, "चांगला चाललाय की. काढायचा कशाला?"

"झिजलाय," धाकटा म्हणाला.

"बरं. आणि हा नवा कसा आहे?"

मी तेव्हा इंजिनात होतो, हे संभाषण टाकीच्या खालून ऐकत होतो. धाकट्याने पत्रिकेचे पान तिच्यापुढे धरले आणि जुन्या दुरुस्तीच्या पुस्तकाचे पानही. पुस्तकात लिहिले होते की इंजिन दोनशे सत्तर अंश फिरेपर्यंत माझे आत येण्याचे दार उघडे राहते. पत्रिकेत नव्याचा आकडा होता दोनशे चौसष्ट.

"म्हणजे हा जुन्यापेक्षा कमीच उघडा राहतो," ताई म्हणाली.

"तेच तर. उलट मवाळ आहे."

ताईने आयुष्यात हजारो काटे तपासले होते. पण सख्ख्या भावाच्या हातातले पान तिने पारड्यात टाकले नाही. त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. घरातल्या माणसाला तोलायला कुणी शिकवत नाही. मला ओरडायचे होते, की मला मायक्रोमीटर लावा, एका मिनिटाचे काम आहे. पण ओरडायला तोंड लागते, आणि मला उंचवटे आहेत.

धाकट्याने साइडकार सोडवून घरीच ठेवली आणि नुसती मोटारसायकल मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून आतला आवाज ऐकतात, म्हणून त्यांना कानवाले मिस्त्री म्हणतात. त्यांनी मला बराच वेळ ऐकले. माझे आयुष्य एवढ्या लक्षपूर्वक दुसऱ्या कुणी ऐकले नाही. मग ते म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. टकटक नाही. झिजला असता तर बोलला असता."

"आतून झिजलाय."

"आतून म्हणजे? कॅम काय मनातल्या मनात झिजतो?"

धाकट्याने पत्रिका पुढे सरकवली. मिस्त्रींनी ती चाळली, आणि म्हणाले की शाफ्ट कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगू नका, कोणत्या रस्त्यावर चालवणार तो रस्ता सांगा, मग शाफ्ट मी सांगतो. गाडीवर माणसे किती, असे त्यांनी विचारले. मी एकटाच, असे धाकट्याने सांगितले. साइडकार? ती कायमची काढली. चढ? फारसा नाही. तीन प्रश्न, तीन उत्तरे, आणि तिन्ही उत्तरे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीविषयी. खोट्या उत्तरांना साजेसा शाफ्ट मिस्त्रींनी खरेपणाने निवडून दिला. पत्रिकेत त्यांनी बोट ठेवले ते नेमके धाकट्याने आधीच हेरून ठेवलेल्या शाफ्टवर.

शाफ्ट येऊन संघटनेचे नोंदपत्रक भरायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी हात पुसले आणि जुना मापून घेऊ का, असे विचारले. धाकटा म्हणाला, कशाला वेळ घालवता, झिजलाय असे लिहून टाका.

"मी नाही लिहीत," मिस्त्री म्हणाले. "गाडी तुमची, पेन तुमचं. मी काढायचं काम करतो."

मला काढले. काढताना त्यांनी माझ्या उंचवट्यावरून अंगठ्याचे नख फिरवले, क्षणभर थांबले, आणि काही न बोलता मला कागदात गुंडाळले. त्या मौनाचा मला आजही राग आहे. नखाला जे कळले ते तोंडाने सांगायला काय हरकत होती? पण लोक म्हणतात की गिऱ्हाईक देव असतो, आणि देवाच्या तोंडावर कोण बोलणार.

चिटणिसांनी शिक्का मारला. तार माझ्या गळ्यात आली, आणि ताईच्या दुकानातल्या फळीवर, गंजलेल्या तराजूच्या दांडीशेजारी, माझी स्थापना झाली. पत्रिकाही त्याच फळीवर उघडी पडली होती. तिच्या त्या पानाच्या अगदी तळाशी ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलेला होता. रोज मी त्याच्याकडे पाहत असे. दुसरे पाहायला काय होते?

आठ दिवस धाकटा खुशीत होता. गाडी आता गरजत असे. मैदानातल्या पुढच्या रविवारी गॉगलने चष्मा काढला म्हणे, यापेक्षा मोठा सन्मान तिथे नाही. घरी आल्यावर धाकट्याने साइडकार स्वतःच पुन्हा जोडली. सपाट रस्त्यावर दोन-तीनदा इंजिन खोकून बंद पडले, तेव्हा तो ताईला म्हणाला, नवा आहे, रुळेल. चुकीच्या निवडीला आपण फार वेळ 'रुळेल' म्हणत राहतो.

मग तो मंगळवार आला. पुढचे मी पाहिलेले नाही. मी फळीवर होतो. पण मी ताईचे ऐकले आणि नंतर धाकट्याचेही ऐकले, आणि दोघांचे सांगणे जेवढे जुळते तेवढेच सांगतो.

कोठाराचा काटा तपासायचा होता. साइडकारमध्ये पुढे पेटी, मागे ताई. चढाच्या गल्लीत वळणावर समोरून हातगाडी आली, म्हणून धाकट्याने वेग कमी केला. माझ्या काळात त्या वळणावर आम्ही माणसाच्या चालीने चढत असू. नव्याला ती चाल जमली नाही. तो दोनदा खोकला आणि बंद पडला. चढावर, एवढ्या ओझ्यानिशी, पुढचा ब्रेक गाडीला मागे घरंगळण्यापासून रोखू शकत नाही. गाडी मागे सरकत आडवी फिरली आणि साइडकारचे चाक गटाराच्या दगडी काठावर आदळले. ताई कडेला धरून बसली होती, तिचे कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. पेटी मात्र उलटली. दहा किलोचे वजन बनातीतून निसटले आणि दगडावर पडले.

ताईने आधी स्वतःकडे पाहिले नाही. ते वजन तिने रुमालाने उचलले आणि कडेवरून अंगठा फिरवला. तिथे पितळेचा टवका उडाला होता. धाकटा, लागलं का, लागलं का, असे विचारीत राहिला. तिने वजनांची पेटी त्या हातगाडीवर खाली धाडली, आणि स्वतः भिंतीला हात लावत, पावलागणिक थांबत, चढ उतरून दुकानात चालत आली. साइडकारमध्ये ती पुन्हा बसली नाही.

दुकानात तिने ते वजन तोलले. तीन वेळा. तीन ग्रॅम कमी भरले. तीन ग्रॅम म्हणजे काय, असे तुम्ही म्हणाल. बाजारातल्या वजनाला ते चालून जाईल. पण ज्याने दुसऱ्याला खोटे ठरवायचे, त्याला एक ग्रॅमही खोटे असणे परवडत नाही. तपासनिसांनी आयुष्यभर रुमालाने धरलेले ते वजन आता नुसता पितळेचा ठोकळा होते. ताईने ते फळीवर माझ्या शेजारी ठेवले. त्याची झीज मापलेली होती. माझी नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि आमच्यातला हा फरक मला असह्य झाला.

आणि तेव्हा, मित्रांनो, ताईचा हात माझ्याकडे वळला.

तिने तार तशीच ठेवून मला पुसले. दोन खाचांच्या ठोकळ्यांवर आडवे निजवले. दुरुस्तीचे पुस्तक उघडले. माझा उंचवटा नवा असताना साडेबत्तीस मिलिमीटर असतो, आणि बत्तीस पूर्णांक दोन दशांशाच्या खाली गेला तरच तो झिजला असे म्हणावे, असे त्यात लिहिले आहे. तिने मायक्रोमीटर लावला, आकडा कागदावर लिहिला. मला फिरवून पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही लावला. एक उंचवटा बत्तीस पूर्णांक सेहेचाळीस शतांश, दुसरा बत्तीस पूर्णांक चव्वेचाळीस. चाळीस वर्षांच्या चाकरीत माझे जे काही गेले ते केसाइतकेही जाड नव्हते. एवढे समजायला एक मिनिट लागले असते, असे मी म्हणालो होतो. तिने तीन वेळा मापले म्हणून तीन लागली.

मग तिने पत्रिका ओढली. त्या काळ्या ठशाकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. फडक्याला जरा पेट्रोल लावून तिने तो हळूहळू पुसला. खाली बारीक अक्षरात एक तळटीप निघाली, आणि ताईने ती मोठ्याने वाचली: 'वरील अंश दार एक मिलिमीटर उचलले गेल्यानंतर मोजलेले आहेत.'

यात काय आहे ते सांगतो, कारण सगळी लबाडी एवढ्याशा जागेत मावली होती. माझे दोनशे सत्तर अंश हे दार किलकिले झाल्या क्षणापासून मोजलेले होते. नव्याचे मोजणे सुरू झाले ते दार चांगले उघडल्यावर. एकाने आपला दिवस तांबडे फुटल्यापासून मोजला, दुसऱ्याने उन्हे अंगणात आल्यावर. आणि मग दोन आकडे शेजारी ठेवून म्हणायचे, बघा, दुसऱ्याचा दिवस लहान. एकाच पद्धतीने मोजले असते तर नव्याचा आकडा तीनशेच्या पार गेला असता. मवाळ! आकडे खोटे बोलत नाहीत, असे लोक म्हणतात. आकड्यांना बोलायला कुणी उभे केले, ते कुणी पाहत नाही.

ताईने मिस्त्रींना फोन केला. फार बोलली नाही. साइडकार आहे, ती रोज चढावर जाते, एवढेच म्हणाली.

धाकटा गाडी ढकलत परत आला तेव्हा टेबलावर मी होतो, आकड्यांचा कागद होता, पुसलेली पत्रिका होती, आणि तपासनिसांची जाड वही होती. वहीत शेवटची काही पाने कोरी उरली होती.

"बस," ताई म्हणाली.

"मिस्त्रींनीच निवडला, ताई. मी..."

"मिस्त्रींशी बोलले मी."

तो बसला. वही पाहून त्याचा चेहरा उतरला. लहानपणी त्याने तिच्यात किती तरी मोठ्या माणसांना 'मी' लिहिताना पाहिले होते.

"मी काय दुकानदार आहे?" तो म्हणाला.

"दुकानदारांनी बहिणीला फसवलं नव्हतं. लिही. तू लिहीपर्यंत मी त्या गाडीत बसणार नाही."

ही धमकी नव्हती. गाडीत न बसणे म्हणजे वरची गिऱ्हाइके सोडणे, म्हणजे दुकान मिटवणे, आणि धाकट्याचेही तीस वर्षांचे काम संपणे. हे दोघांनाही ठाऊक होते. त्याने पेन घेतले आणि लिहिले, 'चढावर अपघात झाला.' ताईने वाचले.

"कशानं?"

त्याने ओळ खोडली. 'कॅमशाफ्टच्या निवडीबाबत गैरसमज झाला.'

"कुणाचा?"

"आता तळटीप एवढी बारीक छापलीय," तो म्हणाला. "घाईत वाचायची राहिली. होतं असं."

ताईने पत्रिका उलटी फिरवून त्याच्या बाजूला सरकवली. ठसा पुसला तरी कागद तिथे जरा पिवळट, तेलकट दिसत होता. धाकटा त्याच्याकडे पाहत राहिला. मग एकदम, खाली मानेने, त्याने गॉगलचे ते झबले शिवण्याचे वाक्य सांगितले. म्हणाला, "तीस वर्षं तुला आणि बाबांच्या वजनांना घेऊन चढतोय. रस्त्यावर कुणी एकदा तरी मान वळवून बघावं, एवढंच वाटलं."

ताईचा आवाज थोडा खाली आला. "वाटू दे ना. मला सांगितलं असतंस, तर तुझ्यासाठी दुसरी गाडी बघितली असती. पण हे कारण झालं. कारण नंतर. आधी जबानी."

त्याने दुसरी ओळ खोडली, तिसरीही लिहून खोडली. चौथ्या वेळी मात्र तो थांबला नाही, अडखळत का होईना, शेवटपर्यंत लिहीत गेला. ताईने वही घेतली आणि वडिलांच्या पद्धतीने, उभी राहून, मोठ्याने वाचली. दुकानात ऐकायला ती दोघे, मी आणि ते टवका उडालेले वजन. वाचून झाल्यावर तिने वही मिटली आणि म्हणाली, "गुरुवारी मिस्त्रींना बोलाव. हा जुना आत बसला की मी गाडीत बसेन. वजन नवं मागवावं लागेल." वजनाविषयी बोलताना ती धाकट्याकडे पाहत नव्हती.

म्हणून मी आज टेबलावर आहे. गुरुवार परवा आहे. गळ्यातली तारही तेव्हा सुटेल, आणि संघटनेचे ते पत्रक परत जाईल, सोबत या जबानीची नक्कल घेऊन. चिटणीस ती वाचतील की तिच्यावरही शिक्का मारतील, हे मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील, आणि जुनी माणसे असतील. ती कधी तरी खरोखर झिजतात. झिजली तर बदला, माझी हरकत नाही. पण आधी मापा. ज्याला काढायचे ठरवले आहे त्यालाच मापायला माणसे का घाबरतात, हा प्रश्न मी चाळीस वर्षांत सोडवू शकलो नव्हतो. धाकट्याने तो सोडवला, आणि उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले. ताईने वाचले ते मी जसेच्या तसे देतो, काना-मात्रेचाही फरक न करता:

"कॅमशाफ्ट झिजला नव्हता. मी तो मापला नाही, कारण मापला असता तर काढता आला नसता. मला मोठा आवाज हवा होता. तळटीप मी वाचली होती. ताईला पान दाखवताना मी त्या तळटिपेवर मुद्दाम अंगठा ठेवला होता."